कृपा कोणाच्या खात्यातली?

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

वाचकहो, आपल्या दत्तजयंती अंकात मी आजवर कधी लिहिलेलं नाही. अंकाच्या वर्गणीचा आणि जाहिरातींचा हिशेब ठेवणं एवढंच माझं काम. छत्तीस वर्षं बँकेत कारकुनी केली, शिक्षण बी.कॉम., त्यामुळे लेखणी आकड्यांपुरतीच चालली. पण यंदा संपादक मंडळींनी आग्रह धरला, “काका, तो विमानतळाचा अनुभव लिहाच. किती जणांना आवडलाय!”

हा अनुभव मी मठात किमान दहा वेळा तरी सांगितला असेल. आरतीनंतर प्रसाद घेताना कोणी ना कोणी विषय काढायचं, मी सांगायचो, आणि शेवटी सगळे हात जोडून म्हणायचे, “महाराजांची लीला!” मीही म्हणायचो. लिहायला बसलो तेव्हा मात्र लेखणी अडली. कारण सांगताना दर वेळी मी त्यातला एक भाग गाळत आलो होतो. बोलताना ते खपून जातं. कागदावर उतरवायचं तर बेरीज जुळेना. म्हणून आज सगळं सांगतो, गाळलेल्या भागासकट.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमची मुलगी जर्मनीत फ्रँकफर्टला असते. तिचं पहिलं बाळंतपण. तारीख तीन आठवड्यांवर आली होती. मी आणि सौ. तीन महिन्यांसाठी निघालो होतो. विमान मुंबईहून, रात्री २ वाजून १० मिनिटांचं. आम्ही पुण्यात राहतो. संध्याकाळी सहाला निघायचं आणि दहापर्यंत विमानतळावर पोचायचं असं ठरलं होतं. सौ. आठ दिवस सामान बांधत होती. बाळंतशेप, अळीव, डिंक, खारकेची पूड, मेतकूट, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी. साजूक तूप युरोपात नेता येत नाही आणि सुकं खोबरं तेलामुळे पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही, हे मुलीने फोनवर बजावलं होतं. ते दोन्ही घरीच राहिलं.

तो दिवस गुरुवार होता. गुरुवारी आरतीनंतर मठातली दक्षिणापेटी उघडून मोजणी होते आणि ती मी करतो. त्या दिवशी अध्यक्षांनी स्वतः सांगितलं होतं, “आज राहू द्या, आम्ही मोजू.” मी म्हटलं, “असं कसं? महाराजांची सेवा करून मगच निघतो.” आरती झाली, मोजणी झाली, आणि दहा रुपये कमी आले. पेटीतली रक्कम आणि पावतीपुस्तक यांचा मेळ बसेना. माझ्या नोकरीत एक रुपयाही कमी असताना मी कधी घरी गेलो नव्हतो. पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. शेवटी दहाची एक नोट दुसरीला चिकटलेली सापडली. तोवर साडेसात वाजले होते. सौ.चे चार फोन येऊन गेले होते. गाडी दारातून हलली तेव्हा आठ वाजून दहा मिनिटं झाली होती.

अजूनही सगळं सुरळीत झालं असतं. पण बोरघाटात एक कंटेनर आडवा झाला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. सत्तर मिनिटं आम्ही एका जागी होतो. ड्रायव्हर उतरून पुढे बघून यायचा आणि मान हलवायचा. सौ. नामस्मरण करत होती. मीही करत होतो, पण माझं नाम घड्याळाच्या काट्यावर चाललं होतं.

विमानतळाच्या टर्मिनल दोनवर पोचलो तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं कमी होती. सामान घेण्याचा काउंटर विमान सुटण्याच्या एक तास आधी बंद होतो, म्हणजे आमच्या हातात वीस मिनिटं. दारावर जवानाने पासपोर्ट मागितले तेव्हा सौ.चा पासपोर्ट सापडेना. तो तिच्या पर्समध्येच होता, देव्हाऱ्यातल्या पादुकांच्या फोटोमागे. काउंटरवर एका बॅगेचं वजन २६ किलो भरलं, दुसरीचं २०. मर्यादा प्रत्येकी २३. तिथेच जमिनीवर बसून तीन किलो सामान इकडून तिकडे केलं. अळिवाची पिशवी फुटली ती तशीच गाठ मारून कोंबली. बोर्डिंग पास हातात आले तेव्हा काउंटरवरची मुलगी म्हणाली, “आजोबा, आता पळा.”

पळालो, आणि इमिग्रेशनच्या रांगेशी थांबलो. मध्यरात्रीनंतरची ही वेळ सगळ्यात गर्दीची. आखातात जाणारी आणि युरोपला जाणारी विमानं याच सुमारास सुटतात. आमच्यापुढे चाळीसेक माणसं होती. सव्वा वाजला होता. वाचकहो, आतापर्यंत सांगितलं ते सगळं मी मठात सांगत होतो. पुढे मी म्हणायचो, “महाराजांनी लोकांच्या मनात प्रेरणा केली आणि एकेकाने आम्हाला पुढे जाऊ दिलं.” ते कसं झालं, ते आता सांगतो.

मी रांगेतल्या माणसांना मोठ्याने म्हणालो, “आमची मुलगी दवाखान्यात आहे हो. बाळंतपणात अडचण आलीय. विमान चुकलं तर काय होईल सांगता येत नाही. पुढे जाऊ द्या.”

मुलगी दवाखान्यात नव्हती. अडचण कसलीही नव्हती. ती तिच्या घरी झोपण्याच्या तयारीत होती आणि तासाभरापूर्वीच तिने फोनवर, “बाबा, चुकलं तर उद्याचं बघू, धावपळ करू नका,” असं सांगितलं होतं.

माणसं बाजूला झाली. कोणी बोललं नाही, कोणी कुरकुर केली नाही. एका बाईने सौ.च्या पाठीवरून हात फिरवला. अगदी पुढे एक गृहस्थ होते. पन्नाशीचे, पांढरी होत आलेली दाढी, डोक्याला जाळीची टोपी. रत्नागिरीकडचे असावेत, बोलीवरून कळत होतं. मी काही बोलायच्या आधीच ते बाजूला झाले आणि म्हणाले, “जा, जा पुढे. पोरीचं काम आहे. मलापण तीन पोरी आहेत.”

त्यांच्या हातात बोर्डिंग पास होता. मला कागद दिसला की आकडे वाचायची जुनी सवय. कुवेतचं विमान. सुटण्याची वेळ १.५०, आमच्याही वीस मिनिटं आधीची. ते आमच्यासारखेच उशिरा आलेले होते. फरक एवढाच की ते गप्प उभे होते.

मी ते वाचलं आणि काही न बोलता पुढे गेलो.

खिडकीवर आम्हाला चटकन सोडलं असतं तर गोष्ट वेगळी. पण अधिकाऱ्याने परतीचं तिकीट मागितलं, कुठे राहणार विचारलं, सौ.च्या पासपोर्टचं पान दोनदा तपासलं. आमच्या दोघांची मिळून सात मिनिटं गेली. त्या सात मिनिटांत मी एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

पुढे सुरक्षा तपासणीत सौ.च्या पिशवीतली नरसोबाच्या वाडीच्या तीर्थाची बाटली निघाली. शंभर मिलिलिटरपेक्षा मोठी बाटली नेता येत नाही. जवान भला होता. म्हणाला, “फेकू नका, इथेच पिऊन टाका.” आम्ही दोघांनी ते उभ्याउभ्या प्यायलं. खोटं बोलून दहा मिनिटं झाली नव्हती, आणि त्याच तोंडाने मी तीर्थ घेतलं. बाहेर पडल्यावर पडद्यावर नजर गेली. कुवेतच्या ओळीत ‘शेवटची सूचना’ असं लाल अक्षरात येत होतं. आम्ही आमच्या गेटकडे धावलो आणि शेवटून चौथे आत शिरलो.

खुर्चीत बसल्यावर सौ.ने डोळे मिटून हात जोडले. “महाराजांनीच आणलं हो.” मी पण हात जोडले. थोड्या वेळाने ती हळूच म्हणाली, “अहो, पण पोर दवाखान्यात आहे असं कशाला म्हणालात? असं अभद्र बोलू नये.” मी म्हटलं, “वेळच तशी होती.” ती पुढे काही बोलली नाही.

तिकडे सगळं छान झालं. नात झाली. तीन महिन्यांनी परत आलो आणि मठात अनुभव सांगायला लागलो. ते कुवेतचे गृहस्थ विमानात चढले की राहिले हे मला कधीच कळलेलं नाही. कदाचित चढले असतील, शेवटच्या माणसालाही कधी कधी घेतात. कदाचित तिकीट फुकट गेलं असेल आणि रात्र तिथल्याच बाकावर काढली असेल.

आता प्रश्न असा, की याला महाराजांची कृपा म्हणायचं का?

मनाची समजूत घालायला मी बरीच कारणं शोधली. पहिलं कारण आपद्धर्माचं. महाभारताच्या कर्णपर्वात श्रीकृष्ण अर्जुनाला कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतात. खरं बोलायचं त्याचं व्रत होतं. दरोडेखोरांनी विचारलं तेव्हा लपलेली माणसं कुठे आहेत ते त्याने खरं सांगून टाकलं, ती माणसं मारली गेली आणि तो नरकात गेला. म्हणजे जीव वाचवण्यासाठी बोललेल्या खोट्याला दोष नाही. गोष्ट खरी आहे, पण ती माझ्या उपयोगाची नाही. मला कोणाचा जीव वाचवायचा नव्हता, दोन तिकिटं वाचवायची होती. कौशिकाचा दाखला असल्या कामाला वापरणं म्हणजे तारण एकाचं ठेवून कर्ज दुसऱ्यासाठी उचलण्यासारखं आहे.

दुसरं कारण असं, की निदान अर्धं तरी खरं होतं. मुलीचं बाळंतपण होतंच ना? पण अर्धसत्याचं काय होतं तेही त्याच महाभारतात आहे. अश्वत्थाम्याबद्दल धर्मराज अर्धं बोलले आणि जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्यांचा रथ खाली टेकला. आमचा रथ तर कधी वर चाललेलाच नाही.

तिसरं कारण सगळ्यात सोयीचं. शेवट गोड झाला म्हणजे ती महाराजांचीच इच्छा. इथे माझ्यातला कारकून जागा झाला. बँकेत प्रत्येक नोंदीला दोन बाजू असतात. एकाच्या खात्यात जमा झालं तर कुठेतरी नावे पडलेलंच असतं. पैसे हवेतून येत नाहीत. मला त्या रात्री जी मिनिटं मिळाली ती रांगेतल्या लोकांच्या खात्यातून आली होती. सात मिनिटं त्या कुवेतच्या गृहस्थांच्या खात्यातून, आणि त्यांच्याकडे शिल्लक माझ्याहून कमी होती.

बँकेत एक सस्पेन्स खातं असतं. एखादी नोंद कोणाची ते लागत नाही, दिवस तर बंद करायचा असतो, तेव्हा ती रक्कम तात्पुरती त्या खात्यात टाकतात. त्यात गैर काही नाही. मात्र ती लवकर शोधून योग्य खात्यात न्यायची असते. तशीच पडून राहिली तर ऑडिटर पहिल्यांदा तिथेच बोट ठेवतो. कारण चुका आणि लबाड्या लपायला तीच जागा सोयीची असते.

मला वाटायला लागलं, की आपण भक्तमंडळी ‘महाराजांची कृपा’ या शब्दाचं सस्पेन्स खातं करून ठेवलंय का? कोणी अनोळखी माणसाने उपकार केले, टाक कृपेच्या खात्यात. आपल्याच हलगर्जीपणामुळे संकट आलं आणि दुसऱ्याने निस्तरलं, टाक कृपेच्या खात्यात. कोणाचं नुकसान करून आपण पुढे गेलो, तेही तिथेच. वर हात जोडले की दिवस बंद. मग त्या माणसाचे आभार मानायला नकोत, आपली चूक कबूल करायला नको, नुकसानीची चौकशीही करायला नको.

कृपा नसते असं मला मुळीच म्हणायचं नाही. ती माणसांच्या हातून येते, एवढंच म्हणायचं आहे. त्या रांगेत चाळीस माणसांच्या मनात दया आली, ती कृपाच. पण ती त्यांच्यावर झालेली कृपा होती, कारण चांगलं वागण्याची बुद्धी त्यांना झाली. मी त्या दयेचा गैरफायदा घेतला.

गुरुचरित्रातली तंतुकाची कथा आपल्या सर्वांना माहीत आहे. महाशिवरात्रीला सगळे श्रीशैल्याला निघाले. तो गेला नाही, गुरूंचा मठ हाच आपला श्रीशैल्य म्हणून झाडलोट करत राहिला. गुरूंनी त्याला पादुका घट्ट धरून डोळे मिटायला सांगितलं आणि क्षणात मल्लिकार्जुनापाशी नेलं. आमची कथा तशीच वाटते म्हणून मी ती मठात जोडून सांगायचो. नीट पाहिलं तर उलट आहे. तंतुकाने कोणाला बाजूला सारलं नव्हतं. आणि तो मठात थांबला तो सेवेसाठी. मी त्या गुरुवारी कशासाठी थांबलो होतो?

इथेच खरं दुखणं आहे. अध्यक्ष नको म्हणत असताना मी मोजणीला बसलो, कारण माझ्याशिवाय हिशेब जुळत नाही हे मला सर्वांना दाखवायचं होतं. त्याला नाव सेवेचं दिलं. आणि रांगेत खोटं का बोललो? खरं बोलूनही काम झालं असतं. “आम्ही उशिरा आलोय, चूक आमचीच आहे, विमान चुकेल, पुढे जाऊ द्याल का?” एवढंच म्हणायचं होतं. पांढरे केस पाहून बहुतेकांनी सोडलं असतं. मग त्या कुवेतच्या गृहस्थांनीही सांगितलं असतं, “काका, माझंही तसंच आहे,” आणि आम्ही दोघं मिळून पुढच्यांना विनंती केली असती. पण तसं बोलायचं तर चाळीस माणसांसमोर ‘चूक आमची’ म्हणावं लागलं असतं. म्हणजे ते खोटं मी विमानासाठी बोललोच नाही, माझी अब्रू वाचवायला बोललो. दहा रुपयांसाठी तीनदा मोजणारा मी, तिथे न मोजता बोलून गेलो.

एकदा हे सगळं मी मठातल्या एका जुन्या मित्राजवळ बोललो. तो म्हणाला, “अरे, एवढा विचार काय करतोस? ते साक्षात दत्तगुरूच असतील. नाथमहाराजांना नाही का देवगिरीला मलंगाच्या वेषात भेटले?” क्षणभर बरं वाटलं. मग लक्षात आलं, की ही पुन्हा तीच सस्पेन्स खात्यातली नोंद. आपले दत्तप्रभू सकाळी काशीला स्नान करतात, दुपारी कोल्हापुरात भिक्षा मागतात, रात्री माहूरला निजायला जातात. त्यांचं विमान कशाला चुकेल? त्या गृहस्थांना देव करून टाकलं की मी सुटलो, कारण देवाचं नुकसान होत नाही. माणसाचं होतं. ते हाडामांसाचे होते, त्यांना तीन मुली होत्या, आणि कुवेतला नोकरीवर हजर व्हायची काहीतरी तारीख असणार.

त्यांना देव म्हणणार नाही. गुरू मात्र म्हणेन. अवधूतांनी चोवीस गुरू केले. त्यातल्या बाण घडवणाऱ्या कारागिराला किंवा कांकणं उतरवणाऱ्या कुमारीला आपण कोणाचे गुरू झालो याचा पत्ताही नव्हता. शिकणाऱ्याने पाहिलं आणि शिकून घेतलं. त्या रात्री आम्ही दोघेही उशिरा आलेले होतो, दोघांचंही विमान सुटायला आलं होतं. एकाने खोटं बोलून घेतलं, दुसऱ्याने गप्प राहून दिलं. हा धडा मला दीड वर्षाने वाचता आला.

आता फेड कशी करायची? नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. बँकेत असं होतं. खातेदार सापडत नाही, वारस पुढे येत नाही. दहा वर्षं पडून राहिलेली अशी रक्कम रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. तो निधी ठेवीदारांच्या सर्वसाधारण हितासाठी वापरला जातो. पण एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. रक्कम तिकडे गेली तरी मूळ मालकाचा हक्क बुडत नाही. तो उद्या कागद घेऊन आला तर त्याचे पैसे त्याला द्यावेच लागतात.

मी तोच नियम लावून घेतलाय. रेल्वेच्या खिडकीवर, दवाखान्यात, पेन्शनच्या रांगेत कोणी घाईत दिसलं तर त्याला पुढे जाऊ देतो, आणि कारण विचारत नाही. गुरुवारची मोजणी आता एक तरुण मुलगा करतो, मी त्याला शिकवली. त्याचा हिशेब बरोबर जुळतो, कधी कधी माझ्याहून लवकर. सौ.ला हे सगळं लिहितोय म्हणून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, “बरं झालं. मला तेव्हाच वाटलं होतं, पण तुम्ही मठात इतकं रंगवून सांगायचात, मी काय बोलणार?”

पुढच्या महिन्यात पुन्हा जायचं आहे, नातीचा दुसरा वाढदिवस. यावेळी घरातून दुपारी दोनला निघणार आहे. तेवढ्याने जुनी नोंद पुसली जाणार नाही, हे मला माहीत आहे. इमिग्रेशनच्या रांगेत उभा राहीन तेव्हा नजर आपोआप आजूबाजूला फिरेल. ते गृहस्थ भेटण्याची शक्यता नाही. पण भेटलेच तर काय बोलायचं ते ठरवून ठेवलं आहे: “भाऊ, माझी मुलगी त्या रात्री दवाखान्यात नव्हती. मी खोटं बोललो. तुम्हाला विमान मिळालं होतं का?”

महाराजांकडे आता तेवढंच मागणं आहे, की तसा प्रसंग आलाच तर हे वाक्य घशात अडकू नये.

॥ श्री गुरुदेव दत्त ॥